दहाव्या वर्षाची बाई

निरुपा कुंभारेला तिच्या गरजेपेक्षा मोठा टॅब पाहिजे होता, आणि दुकानाची पायरी चढता चढताच तिनं तसं सांगून टाकलं.

काउंटरमागची लीना रामटेके हसली. वडशाचं ‘नेमका’ मापन केंद्र ती चालवायची. त्याआधी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे गिऱ्हाइकाला अजूनही फळ्यासमोर उभं केल्यासारखं समजावून सांगायची सवय. “मावशी, गरजेपेक्षा मोठा आम्ही देत नाही, लहानही देत नाही. नेमका देतो. आधी मोजावं लागेल.”

“काय, टॅब मोजता?”

“टॅब नाही. तुम्हाला.”

निरुपानं पदर कमरेला खोचला. मोजायला तिची ना नव्हती. आयुष्यात इतकी सोंगं जवळून पाहिली होती की मापनाच्या एका खुर्चीला भ्यायचं कारण नव्हतं. खुर्चीच्या वर भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपला टॅब कसा निवडाल?’ आणि त्याखाली मुद्दे.

पहिला मुद्दा. टॅब कशासाठी हवा, हे आधी स्वतःला विचारा.

विचारायचं काय त्यात? नाटकासाठी.

झाडीपट्टीत, म्हणजे वडसा-ब्रह्मपुरीकडच्या या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक लागतंच. नाटक नसलं तर मंडईला बोलावलेले जावई रुसतात. नटांना रोज नवं गाव, कधी रोज नवं नाटक. पाठांतराला सवड कुणाला? दोन तालमी झाल्या की पडदा वर. मग सगळं उभं राहतं ते विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरच्या जिवावर. प्रॉम्प्टर वाक्य देतो, नट ते झेलतो आणि असं फेकतो की जणू त्याच्याच काळजातून निघालं. निरुपा हे काम एकतीस वर्षं करत होती. रंगमंचावर नटांच्या डोक्यावर माइक लोंबत असतात. नटाला ऐकू जावं पण माइकला जाऊ नये, एवढ्याच उंचीचा आवाज तिनं कमावला होता.

मध्यंतरी दोन-चार कंपन्यांनी नटांच्या कानांत यंत्रं घालून पाहिली. यंत्र वाक्य बिनचूक द्यायचं. पण नट रडता रडता थांबला तर यंत्र थांबायचं नाही, आणि शिट्टी आली म्हणून नटानं पदरचं एक वाक्य घातलं की यंत्र बावचळायचं. त्याच हंगामात यंत्रं गेली, निरुपा राहिली.

कागद मात्र गेला. आता नाटक टॅबवर यायचं, कारण लेखक ब्रह्मपुरीत बसून दुपारपर्यंत त्या त्या गावची भांडणं, लग्नं, निवडणुका संवादांत घालत राहायचा. निरुपाचा टॅब जुन्या पद्धतीचा होता. तो एक दिवस काळा पडला तो पडलाच, आणि तसला टॅब आता कुणी बनवत नव्हतं. हंगाम तोंडावर. टॅब नाही तर प्रॉम्प्टर नाही.

दुसरा मुद्दा. घाई करू नका. टॅब एकदाच घडतो.

हा मुद्दा लीनानं स्वतः समजावला, खडू हातात असल्यासारखी बोटं धरून.

पूर्वी टॅबच्या आतली चिप सगळ्यांना सारखीच असे. तिच्यात हजार कामांची ताकद, आणि माणूस वापरणार त्यातली चार. उरलेली ताकद नुसती वीज खात बसायची. नव्या चिपमध्ये असा एक पदार्थ आहे की ज्या वाटेनं वीज पुन्हा पुन्हा जाते ती वाट रुळते, तिथला अडथळा कमी होतो, आणि वीज बंद केली तरी वाट मोडत नाही. रानात पायवाट पडते तशी. कोरा टॅब हातात घेतल्यावर पहिली दहा मिनिटं तुम्ही जे कराल, जसं वाचाल, बोट जसं फिरवाल, तशा वाटा त्यात पडतात. मग विजेचा एक ठोका देऊन त्या कायमच्या पक्क्या करायच्या. त्यानंतर तो टॅब फक्त तुमचा. महिन्यातून एकदा चार्ज केला तरी पुरे, आणि दहा वर्षं बघायला नको. पण पक्क्या झालेल्या वाटा पुसता येत नाहीत. चुकीचा घडला तर दहा वर्षं चुकीचाच.

म्हणून मापन. खुर्ची माणूस मोजते, प्रकार सुचवते: वाचता, लिहिता, रंगता, हिशेबी, असे काही. आणि त्या प्रकाराच्या वाटा कंपनीच थोड्या आधी पाडून ठेवते, म्हणजे घोटाळा नको.

“आणि दहा वर्षं चालणार,” लीना म्हणाली, “म्हणजे दहाव्या वर्षीही तुम्हाला झेपला पाहिजे. खुर्ची आजचं मोजते, दहाव्या वर्षाचं सांगते.”

“पंचांगवाल्यावानी?”

“नाही मावशी. नजरेवरून.”

वाचताना माणसाची नजर ओळीवरून सरपटत जात नाही. ती उडी मारते, थबकते, पुढची उडी घेते, मधूनच एखादी मागे घेते. उडी किती लांब, थबकणं किती वेळ, मागे येणं किती वेळा, त्या क्षणी डोळ्याची बाहुली किती रुंदावते, यावरून डोक्यावर किती ओझं पडतंय ते कळतं. ज्यांची स्मृती पुढे ढासळणार असते त्यांच्या उड्या आधीपासूनच बदलतात, त्यांना स्वतःला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी. असंख्य लोकांच्या नजरा वर्षानुवर्षं टिपून हे ताडलं गेलं होतं. शोध खरा होता. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूनं लावलेला होता. नंतर तो टॅब विकायला बसला.

तिसरा मुद्दा. मापनाच्या वेळी नेहमीसारखे वागा.

ती नेहमीसारखी वागली. तिथंच घोळ झाला.

समोरच्या पडद्यावर एक गोष्ट आली, कुणाच्यातरी हरवलेल्या म्हशीची. मनात वाचायची होती. निरुपानं पहिली ओळ वाचली आणि मान वर केली. समोर भिंत. भिंतीकडे पळभर पाहून तिनं पुन्हा तीच ओळ धरली. मग पुढची. मग मान वर. ओळ द्यायची, नटाचं तोंड बघायचं. उचलली नसेल तर तीच पुन्हा द्यायची. भिंतीनं उचलली नाही हे भिंतीचं दुर्दैव. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

गोष्ट संपली. पडदा कोरा झाला, आणि खुर्चीतून बाईच्या मऊ आवाजात प्रश्न सुरू झाले.

खुर्ची : गोष्टीतल्या माणसाचं नाव काय होतं?

निरुपा : नाही सांगता येत.

खुर्ची : म्हैस कुठे सापडली?

निरुपा : सापडली का? बरं झालं.

खुर्ची : वाटेत त्यानं कुणाला विचारलं?

निरुपा : बाई, तुमी पान दाखवा, मी वाचून देते.

खुर्ची : धन्यवाद.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली पाहिजे. प्रॉम्प्टरनं नाटक पाठ करायचं नसतं. निरुपाला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नाटक पाठ झालं की नजर पानावरून सुटते. नजर सुटलेली असताना नटानं दोन पानं गाळून उडी मारली, की प्रॉम्प्टर आठवणीतलं वाक्य देतो, आणि मागच्या प्रवेशात मेलेला बाप पुन्हा बोलायला लागतो. एका गावात असं प्रेत खरंच बोललं होतं. ते गाव अजून हसतं. म्हणून वाचायचं, द्यायचं आणि सोडायचं. सोडणं हेही कामच. निरुपानं तीन दशकं सोडण्याचाच रियाज केला होता.

खुर्चीला यातलं काय ठाऊक? तिनं निकाल दिला, ‘सोबती’.

सोबती हा सगळ्यांत शेवटचा प्रकार. पिवळी कड, मोठी अक्षरं, एका वेळी चारच ओळी. जेवलात का, गोळी घेतली का, असं विचारणारा. ओळखीचे चेहरे नावासकट दाखवणारा. दार उघडं राहिलं तर नातेवाइकांना कळवणारा. पिवळी कड सगळा मुलूख ओळखत होता. ज्याच्या हातात ती दिसायची त्याच्याशी लोक मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागायचे.

चार ओळी. तिच्या नाट्यमंडळाचे नायक हिरामणभाऊ, त्यांचा एक सुस्काराही चार ओळींत मावत नाही.

“मले ‘वाचता’ पाह्यजे,” निरुपा म्हणाली.

लीनानं नजर चुकवली. खुर्ची म्हणते, ती चाचरत म्हणाली, पुढे जाऊन तुम्हाला थोडं… तिला वाक्य पुरं करवेना. निरुपानं ते तिला दिलं, सवयच ती. “विसरायला होईल.”

“होईलच असं नाही. शक्यता आहे.”

निरुपानं चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. सोबती पेटीतच राहिला.

चौथा मुद्दा. निर्णय घेण्याआधी घरच्यांशी बोला.

घरच्यांशी खुर्ची आधीच बोलून बसली होती. सोबतीचा निकाल लागला की जवळच्या नातेवाइकाला आपोआप कळवायचं, असा नियम. निरुपा चौकात पोचेपर्यंत नागपूरहून समीक्षाचा फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी बसनं समीक्षाच आली. एकुलती एक लेक, नागपूरच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. डोळे सुजलेले, हातात संत्र्यांची पिशवी. आजाऱ्याला बघायला जाताना नेतात तशी.

“कोन आजारी आहे व?” निरुपानं विचारलं.

समीक्षानं हळूहळू एकेक काढलं. दिवाळीत तू मला मावशीच्या नावानं हाक मारलीस. गॅसवर दूध ठेवून शेजारी गेलीस. कुलूप लावून किल्ली आतच ठेवलीस. निरुपा म्हणाली, हे सगळं मी तिशीतही करत होते, तवा तू लहान होतीस म्हणून हसत होतीस. समीक्षाला हसू आलं नाही. तिच्याकडे रोज असे म्हातारे यायचे ज्यांच्या घरच्यांनी फार उशिरा ओळखलं होतं. तिनं त्यांना चमचा धरायला शिकवलं होतं. लवकर कळणं हे केवढं भाग्य, असं ती सांगत राहिली, आणि ते खोटं नव्हतं.

मग तिच्या तोंडून निघून गेलं की हिरामणकाकांनाही तिनं फोन करून ठेवलाय.

निरुपा भाजी निवडत होती. हात थांबला.

“तू हिरामणभाऊले सांगतलं?”

“सांगावंच लागलं, आई. एवढ्या लोकांसमोर स्टेजवर अडकलीस तर?”

“मी स्टेजवर नसते व. मी विंगेत असते. अडकतात ते.”

संत्री संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली.

हिरामण नाकाडे दिवेलागणीच्या आत आले. चंद्रज्योत नाट्यमंडळाचे मालक, निर्माते, आणि साठीला टेकले तरी पंचविशीचा नायक. त्यांनी खूप आडवळणं घेतली. यंदा थंडी जास्त पडणार, विंगेत वारा फार. कपडेपटाला विश्वासाचं माणूस नाही. गडचिरोलीकडचा एक प्रॉम्प्टर सध्या रिकामा आहे, असं कुणी तरी म्हणत होतं.

“भाऊ,” निरुपा म्हणाली, “गेल्या साली तिसऱ्या अंकात तुमी सख्ख्या लेकीले वहिनी म्हटलं. तवा कोणत्या खुर्चीत बसवलं तुमाले?”

हिरामण हसले. शेवटी मुद्द्यावर आले. तालीम परवावर आली होती. “पिवळी कड घेऊन तुमी विंगेत बसल्या, तर नटांचा धीर सुटेल, बाई. मी त्याईले कितीही सांगतलं तरी सुटेल. त्याईचा भरोसा पानावर नाही, तुमच्यावर आहे.”

म्हणजे परवापर्यंत दुसरा टॅब, नाही तर कपडेपट. आणि एकदा विंगेतून उठलेला प्रॉम्प्टर परत बसल्याचं झाडीपट्टीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

पाचवा मुद्दा. रंग आणि कव्हर आपल्या आवडीनुसार.

(यासाठी निरुपाला वेळ नव्हता.)

सहावा मुद्दा. शंका असल्यास पुन्हा मापन करून घ्या.

ती गेली. समीक्षाही सोबत गेली, हात धरून. रस्ता ओलांडताच निरुपानं हात सोडवून घेतला.

लीनाला आता प्रॉम्प्टरची खोड कळली होती. या वेळी मान वर करू नका, तिनं सांगितलं. ओठ हलवू नका. वाचलेलं सोडू नका, धरून ठेवा. निरुपा हात मांडीखाली दाबून बसली आणि चारचौघींसारखी वाचायला लागली. दुसऱ्याच्या चपला घालून चालावं तसं वाटत होतं. गोष्ट एका विहिरीची होती. पडदा कोरा झाला. काही उत्तरं बरोबर आली, काही चुकली, आणि एकाला ती इतका वेळ गप्प बसली की खुर्चीनं प्रश्न पुन्हा विचारला.

निकालात एकच शब्द आला, ‘अनिश्चित’. आणि त्याखाली पुन्हा ‘सोबती’.

“अनिश्चित तर सोबती का?” हे समीक्षानं विचारलं. तिलाही ते खटकलं होतं.

लीनानं खरं सांगितलं, हे तिचं मोठेपण. नजरेतल्या या खुणा धंद्याच्या असतील, दुखण्याच्या असतील किंवा दोन्हींच्या मिळून असतील. खुर्चीला ते वेगळं काढता येत नाही, कारण प्रॉम्प्टरांच्या नजरा आजवर कुणी टिपलेल्याच नाहीत. आणि शंका असेल तिथे कंपनी सोबतीच देते. सोबती मिळालेला माणूस परत येऊन भांडत नाही.

“पह्यलं कोनीतरी भांडलं पाह्यजे,” निरुपा म्हणाली आणि खुर्चीतून उठून खुर्चीच्याच हातावर बसली, गावच्या पारावर बसावं तशी. “पोरी, मी सांगते ते ऐक. तूही ऐक, समीक्षा. हे खुर्ची दहाव्या वर्षाच्या बाईसाठी टॅब निवडून राह्यली. ते बाई मी पाह्यली नाही. येईल का नाही, कोनाले माहीत नाही. आली तर माह्या घरी राहील, माह्या ताटात जेवेल, माही ना नाही. पण आज दुकानात आली ते मी. माहा टॅब तिले काहून देता?”

“आणि ती आली तर?” समीक्षानं विचारलं. “तेव्हा तिच्या हातात हा एवढा मोठा टॅब असेल. तिला तो उघडताही येणार नाही, आणि बदलताही येणार नाही. मी नागपुरात असेन. दार उघडं राहिलेलं मला कळणारही नाही. मग काय, आई?”

प्रश्न खोटा नव्हता, आणि पोरीचे डोळेही खोटे नव्हते.

“मंग तिचे हाल होतील,” निरुपा म्हणाली. “होतील त्या दिवशी होतील. तिच्यापायी आजपासून माहे काहून?”

लीनानं काउंटरचा खालचा कप्पा उघडला. कायद्यात एक सोय आहे, ती म्हणाली. गिऱ्हाइकानं सल्ला नाकारला तर त्याला कोरा टॅब द्यावा लागतो, कुठल्याच वाटा आधी न पाडलेला. त्याला स्वमर्जी म्हणतात. मग तो बिघडला, चुकीचा घडला, तरी कंपनी जबाबदारी घेत नाही. हे केंद्र उघडल्यापासून तो कुणी मागितला नव्हता.

“मांगतला नाही का तुमी सांगतलाच नाही?”

लीनानं भिंतीवरच्या मुद्द्यांकडे पाहिलं. “सांगितला नाही,” ती म्हणाली.

“दे मंग.”

सातवा मुद्दा. टॅब घडवताना शांत, एकांत जागा निवडा.

तालीम राइस मिलच्या रिकाम्या गोदामात होती, भर दुपारी. पोत्यांच्या थप्प्या एका बाजूला सारून चटया टाकल्या होत्या. विंग म्हणजे दोन बांबूंना बांधलेली चादर. तिच्यामागे गडचिरोलीचा प्रॉम्प्टर चहा पीत बसला होता, मांडीवर त्याचा ‘वाचता’ टॅब. त्यानं उठून निरुपाला जागा दिली आणि शेजारी उकिडवा बसला. समीक्षा मागे उभी राहिली, हाताची घडी घालून.

निरुपानं हिरामणना एवढंच सांगितलं की आज तालीम करू नका, प्रयोग करा. गाळा, घाला, रडा, जे स्टेजवर करता ते सगळं करा.

‘दिवा लावला परक्या घरी’, अंक तिसरा. तिनं कोरा टॅब चालू केला. कडेला एक बारीक रेघ वाढायला लागली. ती पूर्ण झाली की दहा मिनिटं झाली.

हिरामण : सूनबाई, या घराचा उंबरठा

निरुपा : ओलांडलात तर

हिरामण : ओलांडलात तर मागे वळून पाहू नका! मागे

निरुपा : मागे फक्त माझी राख

हिरामण : मागे फक्त माझी राख असेल. आणि ती राखसुद्धा, हे राइस मिलवाले कोंडा म्हणून विकतील.

शेवटचं पदरचं. सगळे हसले, निरुपा हसली नाही; तिचं बोट ओळीवर थांबलं, हिरामणचं तोंड बंद झालं, आणि बोट पुढे सरकलं. टॅब आधी गांगरला. पान पुढे ढकलायचा, ती मागे ओढायची. मग हळूहळू त्याला कळायला लागलं की ही बाई ओळ दोनदा मागते, मधे वर बघते, आणि ती वर बघते तेव्हा पान हलवायचं नसतं.

हिरामणनं दोन पानं गाळून थेट मरणाच्या प्रवेशात उडी घेतली. मुद्दाम. निरुपाचं बोट झर्रकन फिरलं आणि ते पान समोर उभं राहिलं. सून झालेल्या नटीनं मधेच हुंदका लांबवला; टॅब थांबला. गडचिरोलीचा प्रॉम्प्टर स्वतःचा टॅब विसरून तिच्या बोटांकडे पाहायला लागला.

रेघ बरीच वाढली होती तेव्हा ते झालं.

नजर पानावर होती. अक्षरं जागच्या जागी होती. पण अक्षरांचं पुढे काही होत नव्हतं. हिरामण हात वर करून उभे. नटी पदर धरून उभी. निरुपाला ती दोघं दिसत होती आणि ती कोण, ही जागा कोणती, नाटक कोणतं, यातलं काहीच कुठे टेकत नव्हतं. शेजारच्या प्रॉम्प्टरच्या ओठांवर ओळ आली, पण त्यानं ती गिळली. दुसऱ्याच्या नाटकात ओळ द्यायची नसते. माणूस पडला तरी नाही, त्यानं मागितल्याशिवाय. समीक्षानं एक पाऊल पुढे टाकलं.

निरुपानं मान वर केली आणि हिरामणच्या तोंडाकडे पाहिलं. अर्धवट उघडं, वाट बघणारं तोंड. तेवढं ओळखीचं होतं. तिनं पुन्हा पान पाहिलं, आणि ओळ आली.

निरुपा : मी मेलो नाही. मी नुसता

हिरामण : मी मेलो नाही! मी नुसता थकलोय!

गोदामातली कबुतरं उडाली.

रेघ पूर्ण झाली. टॅबवर अक्षरं आली. ‘या वाटा पक्क्या करायच्या? नंतर बदलता येणार नाहीत.’

“आई, दाबू नकोस.” समीक्षा जवळ येऊन बसली होती. ती हळू बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. “तू थांबली होतीस. मी पाहिलं.”

“हो.”

“ते सवयीचं थांबणं होतं, का दुसरं?”

खोटं बोलणं सोपं होतं. सगळं गोदाम तेच ऐकायला टपलं होतं, हिरामणसुद्धा.

“मले नाही माहीत,” निरुपा म्हणाली.

“ते थांबणंसुद्धा त्याच्यात पडलं असेल आता. टॅबला वाटेल तूच अशी आहेस.”

“मी अशीच आहे. राहू दे त्याच्यात.”

तिनं बोट टेकवलं. आत कुठेतरी विजेचा ठोका पडला असणार. वर काही दिसलं नाही, टॅब फक्त तळहाताला किंचित कोमट लागला. गडचिरोलीच्या प्रॉम्प्टरनं आपला टॅब पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड आवळलं. हिरामणनं त्याला जेवून जा म्हणून सांगितलं, आणि परत जागेवर जाऊन हात वर केला. “पुढचं द्या, निरुपाबाई.”

तिनं लगेच दिलं नाही. लेक अजून शेजारी बसून होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून.

“आणि दहाव्या वर्षी?” समीक्षानं विचारलं.

“तवा मी अडली, तर ओळ तू दे.”

“मला कुठं येतं ते? मी तुझं एक नाटकसुद्धा धड पाहिलेलं नाही.”

“मंग शीक,” निरुपा म्हणाली. “धा वर्षं आहेत.”